अक्काची दुसरी ट्रंक

एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने माझ्या आंधळ्या बहिणीला फसवलं. सौदा मी केला होता, त्यामुळे ही फसवणूक माझ्या हातून तिच्यापर्यंत पोचली. एवढं आधीच लिहून टाकतो. ही हकीकत ज्याला सांगावी तो शेवटी मान हलवून म्हणतो, जाऊ द्या हो, गैरसमज झाला असेल. गैरसमज वगैरे काही झालेला नाही.

मी जुनी यंत्रं घेतो आणि विकतो. चिंचोळी एमआयडीसीत एखादा कारखाना बंद पडला की तिथलं कुलूप निघायच्या आधी मी फाटकाशी असतो. माग, मोटारी, बॉयलर, पत्रा, काहीही. सुरुवात एका हातगाडीवर केली. लोकांनी फेकलेल्या वस्तूत काय जीव उरलाय हे ओळखण्यावरच माझं घर उभं राहिलं. हेही मुद्दाम लिहितो. पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, विड्या वळून. लग्न केलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पण वाचनाचा नाद जबर. गल्लीतल्या बाया सुपं घेऊन आमच्या ओट्यावर बसायच्या आणि अक्का वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचायची. तिचे हात वाचनात अडकलेले, म्हणून प्रत्येक बाई आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायची. असा तो व्यवहार होता आणि त्यात कुणी कुणाला कधी बुडवलं नाही.

पस्तिशीत तिला संध्याकाळी दिसेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, कडेने अंधार आत येत जाईल. औषध नाही. पंधरा वर्षं मिळतील, कदाचित वीस. मी तिथेच डॉक्टरांशी भांडलो. घरी आल्यावर अक्काने मला एक टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी आणायला सांगितल्या.

आमचं आजोळ मंगळवेढ्याकडचं. तिथे ज्वारी जास्त आली की जमिनीत पेव खणून त्यात घालून ठेवत, वाईट सालासाठी. अक्काने वाचन तसं घालून ठेवलं. दुपारचं जेवण झालं की दार लावून घ्यायची, लाल बटण दाबायची आणि आवडत्या कादंबऱ्या पहिल्या पानापासून वाचायची. कॅसेट ऐकली तर मागे शेजारच्या मागांची खडखड येते, मधे एक भाजीवाली हाक मारून जाते, अक्का खोकते, "थांब गं" म्हणते आणि परत वाचते. प्रत्येक कॅसेटच्या भोकातून तिने विडीचा दोरा ओवून गाठी मारल्या होत्या, पुढे बोटांनी ओळखता यावं म्हणून. आठ कादंबऱ्या, ऐंशी कॅसेटी, दोन ट्रंका. शेवटची कादंबरी वाचताना तिला भिंगातून एकावेळी चार अक्षरं दिसत होती. ती एक कादंबरी संपायला दोन वर्षं लागली. ती दुसऱ्या ट्रंकेत होती आणि तिने ती एकदाही ऐकली नव्हती. म्हणायची, "ती शेवटाला. आधी पयल्या ऐकून घेती."

पूर्ण अंधार झाल्यावर बरीच वर्षं त्या टेपरेकॉर्डरवर सुखात गेली. बोटांना लागणारी पाच बटणं, प्रत्येकाची उंची वेगळी. मांडीवर सूप, हातात पान, आणि थांबवायचं असलं की कोपराने बटण दाबायचं. आज जिथे थांबवली तिथूनच उद्या सुरू. कॅसेट जागा विसरत नाही. मग यंत्र म्हातारं झालं. पट्टा ताणला, आवाज रडका झाला. मी तीन जुने टेपरेकॉर्डर उघडून एक चालता केला, तोही मेला, वर नमुन्याला लावलेली भजनाची कॅसेट खाऊन गेला. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरून घ्याव्यात असं ठरलं. पण भरल्यावर वाजवायच्या कशात?

पहिल्यांदा मी फोन दिला. बोट फिरवेल तिथलं नाव फोन बोलून दाखवतो ती सोय चालू केली, गाणी वाजवायचं ॲप टाकलं, नमुन्याला चार भजनं भरली. अक्काने बोट फिरवलं. फोन म्हणाला, बटण. पुढे सरकवलं, बटण. आणखी पुढे, नाव नसलेलं बटण. डोळसांना तिथे त्रिकोण दिसतो, दोन उभ्या रेघा दिसतात. पण चित्राला नाव द्यायचे कष्ट त्या ॲपवाल्याने घेतले नव्हते, मग फोन तरी काय सांगणार? दुसरं ॲप टाकलं तर भजनाच्या मधेच एक बाई कर्ज घ्या म्हणून ओरडू लागली आणि तिला गप्प करायचं बटण अक्काला सापडेना. तिसरं चांगलं होतं. महिन्याभरात ते आपोआप नवं झालं आणि सगळी बटणं जागची हलली. आणि या सगळ्याच्या वर तंबाखू. विडी वळणारीची बोटं तंबाखूने माखलेली, कोरडी. काचेला ती कळतच नव्हती. अक्का दहा वेळा टिचक्या मारून फोन खाली ठेवायची.

त्या सुमारास सरकारी दवाखान्यात तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत एक मास्तर भेटले. स्वतः जन्मापासून आंधळे, अंधांच्या शाळेत शिकवायचे, रोज केम गावाहून रेल्वेने यायचे. माझी कटकट त्यांनी ऐकून घेतली. म्हणाले, फोन सोडा, जुना लॅपटॉप घ्या, त्याला दाबायच्या कळा असतात, बोटांना लागतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, गाणी वाजवणाराही आहे, पूर्ण कळांवर चालणारा. दोन्ही फुकट.

फुकट म्हटल्यावर माझं मन तिथेच उठलं. फुकट यंत्र मी आयुष्यात घेतलेलं नाही. जे फुकट मिळतं ते न्यायचा खर्चसुद्धा अंगावर येतो, हा माझा धंद्यातला अनुभव. मास्तरांना हो हो म्हणालो आणि बाजारात गेलो.

बाजारात एका जिन्याखाली तो कॉम्प्युटरवाला बसतो. पस्तिशीचा, गोड बोलणारा, समोर आल्या-आल्या शेठ म्हणणारा. त्याच्याकडे माझी सगळी उत्तरं तयार होती. दृष्टिहीनांसाठी खास प्लेअर आहे, कॅसेटी त्यात भरून देतो, त्या दुसऱ्या कशात वाजणार नाहीत, म्हणजे चोरीची भीती नाही. लॅपटॉप पुढे ओढून त्याने दाखवलं. पडदा निळाजांभळा, मोठमोठी चित्रं, माऊस इकडे नेला की आवाज, तिकडे नेला की बंद. फार छान चाललं.

मी माग विकत घेताना स्वतः हँडल धरतो. विकणाऱ्याच्या हातून चाललेलं यंत्र मी चाललं असं मानत नाही. आणि इथे त्याने उघड्या डोळ्यांनी, माऊस फिरवून आंधळ्यांचं यंत्र चालवून दाखवलं आणि मी बघत राहिलो. डोळे मिट आणि चालव, एवढे चार शब्द मला सुचले नाहीत. मला सुचला तो भाव. तासभर घासाघीस केली आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर त्याला आणलं. घरी येताना मी खूश होतो.

अक्काने दोन्ही ट्रंका द्यायच्या आधी एकच गोष्ट सांगितली. "भरून झाल्या की माझ्या कॅसेटी परत आण."

वीस दिवसांनी त्याने बोलावलं. लॅपटॉप तयार होता, त्यात ऐंशी फायली, एक ते ऐंशी आकडे. शेवटचा हिशेब करताना मला राहवेना. ठरलेल्यातूनही काहीतरी पाडायची माझी खोड. त्या दोन ट्रंका कोपऱ्यात होत्या. त्या घरी न्यायला रिक्षा लागणार, घरात जागा अडणार, आणि आता आत काय उरलंय, असा विचार केला. मी म्हणालो, "ट्रंका कॅसेटींसकट तुला ठेव, वरची रक्कम सोड." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "ठीक आहे, शेठ."

समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की थांबायचं असतं. मी थांबलो नाही.

अक्काने विचारलं तेव्हा मी सांगितलं, गोदामात नीट ठेवल्यात.

त्या खास प्लेअरने अक्काचे जे हाल केले ते मी जवळून पाहिले आणि तरी महिनोन् महिने कबूल केलं नाही. चित्रं मोठी होती, पण मुकी होती. लॅपटॉप बोलायचा, बटण, बटण, बटण. कळांनी फक्त दोन गोष्टी व्हायच्या, सुरू-बंद आणि पुढची फाईल. मागे जायची सोय माऊसवर. सगळ्यात वाईट म्हणजे तो जागा विसरायचा. लॅपटॉप बंद करून उघडला की परत पहिली फाईल. अक्का कुठवर आली होती ते लक्षात ठेवून कळ मोजत दाबायची, सतरा, अठरा, एकोणीस, आणि मधे कुणी दारात हाक मारली की मोजणी चुकायची. मग ती वैतागून पहिलीच कादंबरी परत ऐकायची. वर्षभरात तिसऱ्या कादंबरीच्या पुढे ती गेली नाही. मी विचारलं तर म्हणायची, "चालतंय की. तू एवढा खर्च केलास."

वर्ष झालं आणि प्लेअर उघडेनासा झाला. पडद्यावर आलं, मुदत संपली, चावी भरा. मी जिन्याखाली गेलो. तो शांतपणे म्हणाला, वर्षाचंच होतं, शेठ, नूतनीकरण करावं लागेल. भर बाजारात मी त्याचा उद्धार केला. दोन दुकानदार मधे पडले. त्यातला एक मलाच म्हणाला, अहो, अशा लोकांसाठी कोण काय बनवतंय, मिळतंय त्यात समाधान माना. त्याच्या थोबाडाकडे बघत मी आलेली शिवी गिळली आणि तशीच पोटात घेऊन मास्तरांकडे गेलो.

मास्तर आमच्या घरी आले. लॅपटॉप मांडीवर घेतला, स्वतःचा वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला, तो इतक्या वेगाने बोलायचा की मला अक्षर कळेना. मास्तरांची बोटं कळांवर विणकरासारखी चालली. मधेच ते हसायला लागले.

"शेठ, कुलूप कितीचं घेतलंत?"

मी म्हणालो, म्हणजे?

"कुलूपच नाहीये. फायली साध्या आहेत. नावाच्या शेपटीची तीन अक्षरं बदललीत फक्त. आणि हा खास प्लेअर म्हणजे फुकटातला जुना प्लेअर, वर याच्या दुकानाचं चित्र चिकटवलंय. रंगकाम करताना मूळ बटणांची नावं पुसून टाकलीत गड्याने. फुकटचा होता तेव्हा चांगला बोलत होता."

त्यांनी तीन अक्षरं बदलली आणि दुसऱ्याच एका प्लेअरमध्ये अक्काचा आवाज सुरू झाला. मग ते अक्काला शिकवायला बसले. मोठी कळ कोपराने दाबा, थांबतं. ही बाणाची कळ, दहा सेकंद मागे. ही दाबली की वेळ सांगतो. बंद केला तरी जागा लक्षात ठेवतो. अक्काने कोपर टेकवून पाहिलं. थांबवलं, सुरू केलं, मागे नेलं, परत सुरू केलं. असं पाच-सहा वेळा केलं. बंद करून उघडलं तर तिचंच वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे आलं. तेव्हा म्हणाली, "ह्याला आठवतंय की."

मी विचारलं, या सगळ्याला खर्च किती? मास्तर म्हणाले, "चहा पाजा."

तो चहा पिताना त्यांनी सहज फायलींची लांबी ऐकायला सुरुवात केली आणि कप खाली ठेवला. एक्केचाळीस नंबरची फाईल एक नंबरएवढीच होती, सेकंदाला सेकंद. बेचाळीस दोनएवढी. त्यांनी एक्केचाळीस लावली. पहिल्या कादंबरीचं पहिलं पान. तोच खोकला, तीच भाजीवाली. पुढच्या सगळ्या तशाच. चाळीस कॅसेटी भरल्या होत्या आणि त्याच चाळीस पुन्हा नवे आकडे घालून मोजून दिल्या होत्या.

दीड तासाची कॅसेट भरायला दीड तासच लागतो, ती घाईने भरता येत नाही. त्याला कंटाळा आला असणार. दुसरी ट्रंक त्याने उघडलीच नव्हती. आंधळी बाई, तिला एक्केचाळिसाव्या फायलीपर्यंत कोण पोचवतंय? त्याचाच प्लेअर तिला पोचू देत नव्हता.

अक्का म्हणाली, "मग गोदामातल्या कॅसेटी काढ. दुसरी ट्रंक आण."

मी म्हणालो, आणतो. आणि बाहेर पडलो.

ट्रंक भंगारात गेली, एवढंच तो जिन्याखालचा सांगू शकला. शहरातलं भंगार कुठून कुठे जातं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. चौथ्या वखारीत माग लागला. पहिल्या ट्रंकेतल्या कॅसेटी प्लास्टिकसाठी दळायला गेल्या होत्या. दुसरी ट्रंक आहे तशी मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याने नेली होती, पाखरांसाठी.

मी एसटीने गेलो. ज्वारी दाण्यात आली होती. शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत काठ्या रोवून त्यांना कॅसेटच्या तपकिरी फिती बांधल्या होत्या. उन्हात चमकत होत्या आणि वारा आला की घूं घूं करत होत्या. एक पाखरू ज्वारीवर बसत नव्हतं. खोपीत अक्काची ट्रंक होती, बियाणाने भरलेली, आणि शेजारी एका पोत्यात रिकाम्या कॅसेटी, भोकांत दोरे, दोऱ्यांना गाठी.

शेतकरी म्हातारा होता. त्याने पाणी दिलं. मी काय हवं ते सांगितलं तेव्हा त्याला काही केल्या पटेना. "हितं काय वाचायला आलाय व्हय?" म्हणाला. मग पोतं उपडं केलं. तळाशी चार कॅसेटी न फोडलेल्या होत्या. सवयीने माझ्या तोंडून निघालं, किती घेणार? तो म्हणाला, "न्या की, पावनं. चार फितींनी माझं काय पाखरू हटतंय?" फुकट. मी त्या धोतराच्या फडक्यात बांधून आणल्या.

मास्तरांनी शाळेतल्या टेपरेकॉर्डरवरून त्या भरून दिल्या. चारही शेवटच्या कादंबरीच्या निघाल्या, मधल्या. सुरुवात नाही, शेवट नाही.

अक्काने त्या सलग दोन दुपारी ऐकल्या. वाचन फार हळू होतं. एकेका शब्दापाशी थांबून, भिंग सरकवल्याचा आवाज, मग पुढचा शब्द. एका ठिकाणी ती एक ओळ तीनदा वाचते आणि चौथ्यांदा बरोबर लागते, तेव्हा स्वतःशीच हसते. ती ओळ अक्काने बाणाची कळ दाबून पुन्हा ऐकली. चौथी फाईल एका वाक्याच्या मधेच संपली. तिने कोपर टेकवलं. काही नाही.

"पुढचं कुटं हाय?"

मी सांगितलं. गोदाम, ट्रंक, सोडलेली रक्कम, ज्वारी, सगळं. शेवटी म्हणालो की ती कादंबरी वाचनालयात आहे, वाचायला माणूस लावतो, चांगल्या आवाजाचा.

ती म्हणाली, "गोष्ट मला पाठ हाय रे. मला दिसत होतं ते ऐकायचं हुतं."

मग सूप पुढे ओढून घेत, "त्यानं फशिवलं ते फशिवलं. तू ट्रंक देताना मला इचारलं का न्हाईस?"

मी म्हणालो, चुकलो. हे उत्तर नाही हे मलाही कळतं. ती ते रोज ऐकून घेते आणि मी रोज देतो.

तो अजून जिन्याखाली बसतो. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे कुणा म्हाताऱ्याचा मुलगा आला होता, वडिलांची नजर गेलीय म्हणून. तो त्याला तोच निळाजांभळा पडदा माऊस फिरवून दाखवत होता. मी मधे पडलो आणि त्या मुलाला म्हणालो, याला डोळे मिटून चालवायला सांग. तो मिटेना. गिऱ्हाईक उठून गेलं. कॉम्प्युटरवाला माझ्यावर तक्रार करतो म्हणाला. कर.

मला पैसे परत नकोत, मी ते मागितलेलेही नाहीत. त्याने आमच्या घरी यावं. अक्का दुपारी ओट्यावरच असते. तिच्यासमोर बसावं आणि तिला सांगावं की चाळीस कॅसेटी जशाच्या तशा पडल्या असताना, हातात वीस दिवस असताना, आपण दुसऱ्या ट्रंकेची कडी का काढली नाही. मी दिलं तसं वाईट उत्तर दिलंस तरी चालेल. पण द्यायला ये.